पी०१७१, पी०३०२, पी०४२० : एका पेट्रोल गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी

मामांची गाडी आजपासून माझ्याकडे. पेट्रोल, चार सिलिंडर, १.६ लिटर, मॅन्युअल गिअर. टर्बो नाही. इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये आणि हवा मोजायला एअर फिल्टरच्या डब्यालगत मास एअरफ्लो सेन्सर. तक्रार अशी की गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, आता बंद पडेल असं वाटतं, पण एकदा वेग घेतला की काही जाणवत नाही. चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला, मधूनच उघडझाप करतो.

यावर आधी एक उपचार होऊन गेलाय. कुणीतरी स्कॅनर लावला, ‘लीन’ (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) हा शब्द वाचला आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. दिवा विझला आणि थोड्याच दिवसांत परत आला. आता धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला असं सांगितलंय. मामांचा प्रश्न सरळ आहे, “अरे, मशीनच सांगतंय ना काय बिघडलंय ते?” मशीन एवढंच सांगतं की अमुक माप हद्दीबाहेर गेलं. ते का गेलं हे त्याला ठाऊक नसतं.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे. डोंगल, म्हणजे छोटा स्कॅनर, लावल्यावर तो जिवंतच होईना. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस यायला हवा, ४ आणि ५ नंबरवर अर्थ. १६ वर शून्य व्होल्ट. फ्यूज उडालेला होता. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटशी सामाईक असतो, इथेही तसाच. बदलला, स्कॅनर बोलू लागला.

पक्के झालेले कोड तीन:

पी०१७१ – बँक १ (सिलिंडरांची रांग, इथे एकच), मिश्रण फार लीन
पी०३०२ – सिलिंडर २ मध्ये मिसफायर (मिश्रण नीट पेटत नाही)
पी०४२० – बँक १, कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेखाली

वाचायची रीत मामांना सांगितली. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. पुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, तिथे १ असता तर कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी १ आला तर हवा-पेट्रोलचं मोजमाप, ३ आला तर इग्निशन आणि मिसफायर, ४ आला तर धुरावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा. मिसफायरच्या कोडात शेवटचा आकडा थेट सिलिंडरचा नंबर. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ही पद्धत सक्तीची झाली, म्हणून साध्या डोंगलवरही एवढं वाचता येतं.

कोड खोडलेले नाहीत. खोडले की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि माझ्या मते सगळ्या स्कॅनमधली सर्वांत मोलाची चीज तीच. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन काय करत होतं याची ती नोंद. ती अशी:

वेग ०. आरपीएम ७६०. पाण्याचं तापमान ८९. शॉर्ट टर्म ट्रिम +८.६ टक्के. लाँग टर्म ट्रिम +२१.१ टक्के. नोंद पी०१७१ च्या नावावर.

म्हणजे गरम इंजिन, उभी गाडी, आणि कॉम्प्युटर हिशेबापेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. सेन्सर नवा असूनही. मग जुना सेन्सर खरंच बोलत होता म्हणायचं.

५ जानेवारी

आज फक्त डोळे, हात आणि मल्टिमीटर.

बॅटरी रात्रभर थांबल्यावर १२.५ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत, इंजिन चालू आणि हेडलाइट लावून, ०.०४ व्होल्टची घट. ०.१ च्या आत असेल तर अर्थिंगला दोष देता येत नाही. हे माप घ्यायला फार वेळ जात नाही, आणि ते न घेता सेन्सर बदलणारे लोक पाहिले की नवल वाटतं.

एअर फिल्टर मळलेला, पण चोंदलेला नाही. एअरफ्लो सेन्सरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप काढून वाकवून पाहिला. घड्यांच्या आत चीर नाही, दोन्ही क्लॅम्प घट्ट. ऑइलचं झाकण बसतंय, डिपस्टिकची रिंग ठीक. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटीत धरून बंद केला, आयडलिंग बदललं नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा पाइपही तसाच दाबून पाहिला, काही फरक नाही. हे दोन संशयित बाद.

७ जानेवारी

आज आकड्यांचा दिवस. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद.

आधी ट्रिम म्हणजे काय ते लिहून ठेवतो, कारण ही वही मामाही वाचणार आहेत. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आत आलेली हवा एअरफ्लो सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर धुरात प्राणवायू उरलाय का ते पाहून चूक सांगतो. त्या चुकीची तात्काळ भरपाई म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली की कॉम्प्युटर ती पाठ करून ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत असली तर सहसा कुणी चिंता करत नाही.

आयडलिंगला, ७६० आरपीएम: बेरीज +२८ च्या आसपास. एअरफ्लो सेन्सर १.७ ग्रॅम प्रति सेकंद.
उभ्या गाडीत रेस देऊन २५०० आरपीएम: बेरीज +७.८. एअरफ्लो ६.२ ग्रॅम.
रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर देऊन: बेरीज +१.६. एअरफ्लो २५ ग्रॅमच्या वर.

हे तीन आकडे पाहिले की अर्धी लढाई संपते. पेट्रोलचा पंप थकला असता किंवा फिल्टर चोंदला असता तर जोर दिल्यावर, जिथे पेट्रोल जास्त लागतं तिथे, ट्रिम चढली असती. एअरफ्लो सेन्सरच मळून कमी दाखवत असता तरी जोराखाली ती उतरली नसती. इथे उलट आहे. हवा जितकी जास्त, तितकी चूक कमी. याचा अर्थ कुठूनतरी ठरावीक, थोडीशी हवा न मोजता मागच्या दाराने आत येतेय. आयडलिंगला एकूण हवाच कमी असते, म्हणून तिथे ती सलते.

हिशेब करून पाहिला. १.७ च्या २८ टक्के म्हणजे ०.४८ ग्रॅम. ६.२ च्या ७.८ टक्के, पुन्हा ०.४८ ग्रॅम. हा योगायोग नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला की भोकातून शिरणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि त्यापुढे आत कितीही ओढ असली तरी हवा वाढत नाही. आयडलिंगला आणि बिनजोराच्या रेसला दाब त्याच्या खूप खाली असतो, म्हणून दोन्हीकडे गळती तेवढीच. अशा स्थितीत एक चौरस मिलिमीटर भोकातून सेकंदाला जेमतेम ०.१७ ते ०.२४ ग्रॅम हवा शिरते, भोकाच्या कडा कशा आहेत त्यावर अवलंबून. म्हणजे मी दोन ते तीन चौरस मिलिमीटरचं काहीतरी शोधतोय. भोक गोल असलं तर व्यास दोन मिलिमीटरच्या आत.

आणखी एक ताळा: चालू, गरम इंजिनात आयडलिंगची हवा ग्रॅममध्ये साधारण लिटरमधल्या क्षमतेएवढी किंवा थोडी जास्त असते. १.७ अधिक ०.४८ म्हणजे २.१८. हे इंजिन आयडलिंगला २.२ ग्रॅम श्वास घेतं असं धरून चालतो. गळती बुजली की सेन्सरने हा आकडा दाखवायला हवा. न दाखवला तर अजून काही बाकी आहे.

(हे सगळं गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे म्हणून. जिथे फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतात, तिथे शिरलेली हवा दाबातच दिसते, कॉम्प्युटर तिच्यासाठी पेट्रोल देतो, आणि गळतीची खूण लीन कोड नसून चढलेलं आयडलिंग असते. दोन पद्धतींची लक्षणं एकमेकांत मिसळून सल्ले देणारे खूप.)

११ जानेवारी

गळती शोधण्याआधी पी०३०२ चा स्वतंत्र तपास, म्हणजे दोन दोष एकमेकांच्या आड लपायला नकोत.

मिसफायर कॉम्प्युटरला कसा कळतो? क्रँकशाफ्टच्या वेगावरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँक किंचित पुढे ढकलला जातो. एक धक्का चुकला की तेवढ्यापुरता वेग पडतो, आणि कुणाची पाळी होती त्यावरून नंबर ठरतो. ठिणगी पडली नाही, पेट्रोल पोचलं नाही, हवा जास्त झाली किंवा कॉम्प्रेशन गेलं, यांतलं काय झालं हे त्यातून कळत नाही.

दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) चारवर, चारची दोनवर. दोनचा प्लग तीनमध्ये, तीनचा दोनमध्ये. कॉइल आणि प्लग वेगवेगळ्या ठिकाणी पाठवले की एकाच चाचणीत दोघांचा निकाल लागतो: मिसफायर चारकडे गेला तर कॉइल, तीनकडे गेला तर प्लग. स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांच्या निकालांत, सिलिंडरनिहाय मोजणी दिसते. इंजिन चालवून पाहिलं. मोजणी दोनवरच वाढते, तेही फक्त आयडलिंगला. बाकी तीन कोरे.

प्लग काढले तेव्हा दिसलेलं महत्त्वाचं: दोन नंबरच्या प्लगचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक, उरलेल्या तिघांवर काजळी. चारही एकाच वयाचे. एका सिलिंडरला पेट्रोल कमी आणि तिघांना जास्त, एकाच इंजिनात, एकाच कॉम्प्युटरच्या हाताखाली.

कॉम्प्रेशन, थ्रॉटल पूर्ण उघडून, बारमध्ये: १२.४, १२.२, १२.३, १२.५. इंजिन निरोगी आहे. इंजेक्टरचा रोध चारही ठिकाणी १२ ते १३ ओहम. दोनचा इंजेक्टर चोंदलेला असू शकतो ही शंका शिल्लक ठेवतो, पण मग तो जोराखालीही चुकला असता.

१२ जानेवारी

धुराचं यंत्र मागून आणलं. एअरफ्लो सेन्सरच्या तोंडाशी रबरी टोपी, ब्रेक बूस्टरच्या फाट्यातून धूर आत. दाब अगदी कमी ठेवायचा, सहा-सात किलोपास्कल पुरे. जास्त दिला तर जिथे गळती नाही तिथे ती तयार होते.

पहिले काही क्षण शांत. मग मॅनिफोल्डच्या मागून, फायरवॉलच्या बाजूने धूर वर आला. आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं: क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा पीसीव्हीचा पाइप, त्याच्या कोपऱ्यावर खालच्या अंगाला चीर. ऑइल पिऊन रबर मऊ, फुगलेलं. वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, म्हणून ५ तारखेला हाती लागला नसता. पाइप काढला, नवा घातला. व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळ वाजतो, तो तसाच राहू दिला.

इंजिन गरम करून पुन्हा माप घेतलं. थरथर बरीच कमी. मामा खूश, “झालं की!”

नाही झालं. आयडलिंगला बेरीज +१४, एअरफ्लो १.९ ग्रॅम. १.९ च्या १४ टक्के म्हणजे ०.२७. एकूण २.१७, म्हणजे इंजिनाची भूक तीच आहे आणि गळतीचा निम्म्याहून जास्त भाग शाबूत आहे. दिवा या आकड्यांवर कदाचित पेटलाही नसता. +१४ वर बऱ्याच गाड्या पी०१७१ देत नाहीत. त्यामुळेच दिव्यावर भिस्त ठेवत नाही. आणि दोन नंबरची मिसफायर मोजणी अजून वाढतेच आहे.

१८ जानेवारी

पुन्हा धूर. पाइपची चीर गेल्यावर आता दुसऱ्या गळतीला धूर मिळाला: मॅनिफोल्ड जिथे सिलिंडर हेडला बसतो, तिथे दोन नंबरच्या नळीखालून बारीक दोरा. आधीच्या खेपेला सगळा दाब पीसीव्हीच्या चिरेतून निघून जात होता.

खात्रीसाठी दुसरी पद्धत. इंजिन चालू ठेवून साध्या पाण्याचा बारीक फवारा त्या सांध्यावर. कार्ब क्लीनर मारणारे असतात. तापलेल्या इंजिनावर पेट घेणारं रसायन उडवणं मला कधीच पटलं नाही, आणि पाण्याने काम भागतं. कॉइलच्या जोडण्या आणि एक्झॉस्टपासून फवारा दूर. पाणी दोन नंबरखाली लागताच आयडलिंग सावरलं, शॉर्ट टर्म ट्रिम खाली झुकली, आणि पाणी ओढलं गेल्यावर परत चढली. एक, तीन, चारला काही नाही.

आता पांढऱ्या प्लगचा आणि काजळीचा उलगडा होतो. पीसीव्हीची हवा मॅनिफोल्डच्या पोटात शिरत होती आणि चौघांत वाटली जात होती. ही गळती मात्र दोनच्या दारातच आहे. आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम ०.५४ ग्रॅम हवा. गळती ०.२७. ती सगळी दोनमध्येच गेली असं धरलं तर तिथे पेट्रोलच्या मानाने हवा सुमारे ३७ टक्के जास्त होते. प्रत्यक्षात तेवढी नसणार, कारण दोनचा व्हॉल्व्ह बंद असताना थोडी हवा मागे पोटात जाते. पण ठिणगीला मिश्रण न पेटवता यायला एवढं पुरे. उलट ऑक्सिजन सेन्सर चौघांच्या धुराची सरासरी पाहतो आणि ‘लीन’ म्हणतो, कॉम्प्युटर चौघांनाही सारखंच जादा पेट्रोल देतो. ज्यांना नको त्या तिघांवर काजळी धरते, ज्याला हवं त्याला पुरत नाही.

म्हणजे पी०१७१ आणि पी०३०२ वेगळे नाहीतच. इंजेक्टरवरचा संशयही मिटला.

१९ जानेवारी

गॅस्केट. दिवसभराचं काम, पण लिहिण्यासारखं थोडं.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं म्हणजे पेट्रोलच्या रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीचा मायनस काढला. यामुळे काही गाड्यांत कोड आणि फ्रीझ फ्रेम उडतात, म्हणून सगळ्यांचे फोटो आधीच काढले होते. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टरची रेल, मग मॅनिफोल्ड. चारही पोर्टमध्ये स्वच्छ फडक्यांचे बोळे. एक नट आत पडला तर आजवरची सगळी कमाई पाण्यात.

जुनं गॅस्केट कडक आणि चपटं झालेलं, दोन नंबरच्या खालच्या कडेला धूळ ओढली गेल्याची काळी रेघ. हेडचा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यावर पोलादी पाती ओढायची नाही. प्लॅस्टिकची पट्टी आणि संयम. सरळ पट्टी लावून फीलर गेजने सपाटी पाहिली, मॅनिफोल्ड आणि हेड दोन्ही हद्दीत. नाहीतर नवं गॅस्केटही काही महिन्यांत असंच गेलं असतं.

बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, आधी सगळे हाताने, मग टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे. “थोडं जास्त आवळू, म्हणजे गळणार नाही” हा विचार इथे महागात पडतो. प्लगही चार नवे. पांढरा पडलेला प्लग परत वापरायला हात धजत नाही.

सुरू केलं. गरम झाल्यावर आयडलिंगचा एअरफ्लो: २.२ ग्रॅम.

७ तारखेला कागदावर मांडलेला आकडा मीटरवर दिसला, याच्यापुढे दिवा विझण्याचं मला फारसं अप्रूप नाही. शॉर्ट टर्म शून्याच्या दोन्ही बाजूंना डोलतेय, लाँग टर्म अजून शिकतेय. दोन नंबरची मोजणी शून्य.

कोड आता खोडले. मोड ०४.

२५ जानेवारी

लाँग टर्म +१.६ वर स्थिरावली, आयडलिंगलाही आणि वेगातही. पी०१७१ आणि पी०३०२ पेंडिंगमध्येसुद्धा, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडांतही, नाहीत. पेंडिंग यादी पाहणं महत्त्वाचं, कारण बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. नुसत्या बंद दिव्यावरून दोष गेला म्हणणं घाईचं.

उरला पी०४२०. यावरून मामांना कन्व्हर्टर बदलायला सांगितलं होतं.

कन्व्हर्टर चांगला आहे की नाही हे कॉम्प्युटर धूर तपासून ठरवत नाही. चांगला कन्व्हर्टर प्राणवायू साठवतो आणि गरजेला सोडतो. म्हणून पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होत असला, तरी मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सपाट असते. साठवण संपत आली की मागची रेघ पुढच्याची नक्कल करू लागते, आणि नक्कल मर्यादेपलीकडे गेली की पी०४२०. पण मिसफायर होणारा सिलिंडर न जळलेलं पेट्रोल आणि प्राणवायू दोन्ही थेट कन्व्हर्टरमध्ये ढकलतो. तशा धुरात घेतलेल्या चाचणीवर कन्व्हर्टरला शिक्षा करणं अन्याय आहे.

दुसरी बाजूही आहे. ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतलं तापमान चढतं, मातीची जाळी वितळू शकते. दिवा उघडझाप करतो तो नेमका याच इशाऱ्यासाठी: जोर काढा, गाडी बाजूला घ्या. मामांनी तशीच चालवली होती. त्यामुळे कन्व्हर्टर निर्दोष आहे असं धरून चालणंही बरोबर नाही.

म्हणून मापं. रबरी हातोडीने खाली ठोकलं, खुळखुळ नाही, म्हणजे जाळी फुटून सुटलेली नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबमापक लावून २५०० आरपीएमला मागचा दाब ६ किलोपास्कल. वीसच्या पुढे गेला असता तर आत चोंदलंय म्हटलं असतं. सायलेन्सरच्या टोकातून धूर सोडून पाहिला: सांध्यांतून कुठे येत नाही. मागच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच कोड येतो, आणि लोक कन्व्हर्टर बदलून मोकळे होतात.

मागच्या सेन्सरची रेघ आज: ०.६५ व्होल्टभोवती, छोट्या लाटा. सपाट नाही, नक्कलही नाही. डोळ्यांनी निकाल देण्यासारखं हे नाही, कॉम्प्युटरची स्वतःची चाचणी होऊ द्यायला हवी.

२६ जानेवारी

कोड खोडल्यामुळे सगळे मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, ‘अपूर्ण’ झालेत. मिसफायर, पेट्रोल आणि सेन्सरांची सर्वसाधारण तपासणी सतत चालते, ती लगेच पूर्ण होते. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि टाकीच्या वाफेची तपासणी अटी जुळल्याशिवाय सुरूच होत नाही. अटी कंपनीगणिक वेगळ्या, पण गाभा सारखा: इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात, मग स्थिर वेगाने बराच वेळ, मध्ये ब्रेक न लावता वेग उतरू देणं. टाकी फार भरलेली किंवा रिकामी नको, नाहीतर वाफेची चाचणी टळते. निम्मी टाकी उत्तम.

मामांना गाडी दिली आणि एवढंच सांगितलं की दिवा लागो न लागो, तुम्ही कुणालाही कोड खोडू देऊ नका आणि बॅटरी काढू नका. रोजच्यासारखी चालवा, एखादा लांबचा रस्ता जमला तर बरं.

स्कॅनरमध्ये एक गोष्ट अजून दिसते, मोड ०ए: कायम कोड. तिथे पी०४२० आहे. ही यादी स्कॅनरने खोडता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. संबंधित चाचणी गाडीनेच पार केली तर कॉम्प्युटर स्वतः ते नाव काढतो. तात्पुरता दिवा विझवून गाडी विकणाऱ्यांना ही सोय नक्कीच आवडली नसणार.

८ फेब्रुवारी

गाडी तपासायला आली. मॉनिटर सगळे पूर्ण. पक्के कोड नाहीत, पेंडिंग नाहीत. कायम यादीही रिकामी.

मोड ०६ मध्ये कॅटॅलिस्टच्या चाचणीचा निकाल ०.७८, मर्यादा १.००. या गाडीत आकडा जितका कमी तितकं चांगलं. पास आहे, पण नव्यासारखा नाही. मिसफायरच्या काळात त्याने सोसलं असणार. मामांनी विचारलं, “मग बदलायचा की नाही?” आत्ता नाही. पास होणारा भाग काढून टाकायला माझ्याकडे कारण नाही.

आयडलिंगचा एअरफ्लो २.२, ट्रिमची बेरीज +२ च्या आत, मिसफायर चारही सिलिंडरला शून्य.

वहीच्या शेवटच्या पानावर मामांसाठी तारीख आणि ०.७८ लिहून दिलंय. पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा मोड ०६ पाहायचा. आकडा तिथेच असला तर विषय बंद. ०.९ कडे सरकत असला तर कन्व्हर्टरचं बोलू, आणि त्याआधी प्लग पुन्हा काढून त्यांचा रंग पाहू.